शार्ङ्गधर, शारंगधर की सारंगधर? नावाचा अर्थ, उगम आणि लेखन (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उंबरठा

बारशासाठी 'शार्ङ्गधर' हे नाव जवळजवळ नक्की होत आलंय. जाणकारांकडून चार गोष्टी हव्या आहेत.
१. नेमका अर्थ. 'विष्णूचं नाव' एवढं माहीत आहे, त्यापुढचं हवं.
२. शार्ङ्गधर, शारंगधर, सारंगधर यांतलं बरोबर कोणतं?
३. नाव इतकं कमी का ऐकू येतं?
४. दाखल्यावर आणि रोमन लिपीत लिहिताना काय काय बिघडतं?

रफार

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

मूळ शब्द शृङ्ग, म्हणजे शिंग. शिंगापासून केलेलं ते शार्ङ्ग. असा तद्धित प्रत्यय (नामाला लागून नवा शब्द करणारा) लागला की शब्दातल्या पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे तो वाढतो, आणि ऋ ची वृद्धी आर्. पृथेचा मुलगा पार्थ, ऋषींचं ते आर्ष, मृदूपासून मार्दव, त्याच चालीने शृङ्गापासून शार्ङ्ग. त्यामुळे या नावातला रफार शोभेचा नाही. तो गाळून 'शांगधर' केलंत तर शिंगच गळून पडतं.

शिंगाची वस्तू अनेक असतील, पण शार्ङ्ग म्हटलं की धनुष्य. कौटिल्याने अर्थशास्त्रात धनुष्याची द्रव्यं चार सांगितली आहेत: ताल म्हणजे ताड, चाप म्हणजे एक जातीचा वेळू, दारु म्हणजे लाकूड आणि शार्ङ्ग म्हणजे शिंग. त्यांची नावं त्याच क्रमाने कार्मुक, कोदंड, द्रूण आणि धनू. तेव्हा शार्ङ्ग हे आधी धनुष्याच्या जातीचं नाव, मग विष्णूच्या धनुष्याचं विशेषनाम. अमरकोशात विष्णूच्या वस्तूंची यादी येते (शंख पाञ्चजन्य, चक्र सुदर्शन, गदा कौमोदकी, खड्ग नन्दक, मणी कौस्तुभ) आणि तिथेच पुढे 'चापः शार्ङ्गं मुरारेस्तु'.

धर म्हणजे धारण करणारा. शार्ङ्गधर म्हणजे शार्ङ्ग धनुष्य धारण करणारा. 'धनुर्धर' एवढंच भाषांतर केलं तर ते अर्जुनालाही लागू पडेल, म्हणून शार्ङ्ग सोडू नये.

ताणकाठी

धनुष्याबद्दल थोडी भर. शिंगाचं धनुष्य म्हणजे शिंग वाकवून दोरी बांधली, असं नसतं. जगभर सापडणारी या जातीची धनुष्यं तीन थरांची असतात. मधे लाकडाचा पातळ गाभा, तिरंदाजाकडच्या बाजूला शिंगाच्या पट्ट्या, लक्ष्याकडच्या बाजूला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. दोरी ओढली की आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतो, त्यामुळे एकसंध लाकडाच्या धनुष्यापेक्षा लांबी बरीच कमी ठेवूनही जोर तेवढाच मिळतो. रथात किंवा घोड्यावर आखूड धनुष्यच कामाचं.

दोष एकच पण मोठा. सरस दमट हवेत मऊ पडतो आणि थर सुटतात. कोकणातल्या पावसाळ्यात असलं धनुष्य उघड्यावर चार दिवस टिकलं तर आश्चर्य. वेळूचं धनुष्य आपल्याकडे टिकून राहिलं त्यामागे हेही एक कारण असावं.

घनपाठी

कथेचा भाग. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात परशुराम रामाला सांगतो की विश्वकर्म्याने दोन दिव्य धनुष्यं केली, एक शिवाला दिलं, एक विष्णूला. शिवाचं जनकाकडे आलं आणि मोडलं. विष्णूचं ऋचीक, मग जमदग्नी, मग परशुराम असं आलं आणि तेच राम चढवतो. मात्र तिथे त्याला 'वैष्णव धनू' म्हटलंय. त्याचीच ओळख पुढे शार्ङ्ग म्हणून रूढ झाली. महाभारतात उद्योगपर्वात रुक्मी येतो तेव्हा तीन दिव्य धनुष्यांची नावं एकत्र येतात: गांडीव अर्जुनाचं, विजय रुक्मीचं आणि शार्ङ्ग कृष्णाचं.

आणखी एक. पुष्कळ जण 'हे नाव विष्णुसहस्रनामात आहे' असं सांगतात. शार्ङ्ग आहे, शार्ङ्गधर नाही. 'शङ्खभृन्नन्दकी चक्री शार्ङ्गधन्वा गदाधरः', म्हणजे तिथलं रूप शार्ङ्गधन्वा. शेवटी म्हणतात त्या 'वनमाली गदी शार्ङ्गी' श्लोकात शार्ङ्गी. पत्रिकेवर 'सहस्रनामातील नाव' असं छापायचं असेल तर एवढं तपासून घ्या, नाहीतर बारशाला एखादे आजोबा नेमके तिथेच बोट ठेवतील.

उंबरठा

हे छापायच्या बेतातच होतो. वाचवलंत.

पैनगंगा

बुलढाणा, वाशीम, अकोला या पट्ट्यात हे नाव अजिबात परकं नाही. कारण मेहकर. पैनगंगेच्या काठच्या या गावात १८८८ साली विष्णूची काळ्या पाषाणातली मोठी मूर्ती जमिनीतून मिळाली. दहा-अकरा फुटी मूर्ती, आणि देवाचं नाव शारंगधर बालाजी. लोणार सरोवर पाहायला येणारे बरेच जण तिथून मेहकरला जातात. या भागातल्या जुन्या पिढीत शारंगधर आणि सारंगधर ही दोन्ही नावं भेटतात, आणि घरात हाक मारायला सारंग.

देवस्थानाच्या नावात 'शारंगधर' असंच लिहितात, तेव्हा त्या रूपाला 'चुकीचं' म्हणण्यापूर्वी जरा थांबा.

रफार

चुकीचं म्हणणारच नव्हतो. तिन्ही रूपांचा हिशेब असा.

शार्ङ्गधर हे संस्कृत रूप.

शारंगधर हे मराठी तोंडात रुळलेलं. र्ङ्ग अशी तीन व्यंजनं एकावर एक आली की जीभ मधे 'अ' घालते. कर्माचं करम, धर्माचं धरम होतं, तसंच शार्ङ्ग चं शारङ्ग, म्हणजे शारंग.

सारंगधर हे त्यापुढचं, श चा स झालेलं. अभंगांत कृष्णासाठी हेच रूप जास्त आढळतं. तमिळ भागात कुंभकोणमच्या प्रसिद्ध विष्णुमंदिरातला देव शार्ङ्गपाणी, पण लोक म्हणतात सारंगपाणी. तिथे माणसाचं नाव म्हणूनही ते चांगलं चालतं.

गोम इथे आहे की 'सारंग' हा संस्कृतात वेगळा, स्वतंत्र शब्द आहे. ठिपक्यांचं हरीण, चातक, मोर, भुंगा असे त्याचे अर्थ, शिवाय राग सारंग. म्हणजे सारंगधर लिहिलंत की धनुष्य दिसेनासं होतं आणि ऐकणारा हरणाकडे किंवा सारंगीकडे वळतो.

खाजणकाठ

कोकण किनाऱ्यावर आणखी तिसराच सारंग आहे. जहाजावरच्या खलाशांचा मुकादम तो सारंग. हा फारसी 'सरहंग' वरून आला, धनुष्याशी काडीचा संबंध नाही. कोकणी मुसलमानांत सारंग आडनाव आहे ते याच धंद्यावरून. नावांच्या याद्या करणारे हे सगळे सारंग एका पातेल्यात शिजवतात.

मृगशीर्ष

हरणाचा अर्थ अगदीच टाकाऊ नाही. दक्षिणेतल्या शिवमूर्तींच्या हातात परशू आणि हरीण असतं. सारंग धरणारा तो शिव, असा अर्थ लावता येतो.

घनपाठी

लावता येतो, परंपरेने लावलेला नाही. तेलुगू मुलखात तर सारंगधर म्हटलं की राजमहेंद्रीच्या राजपुत्राची गोष्ट. सावत्र आईने आळ घेतला आणि राजाने मुलाचे हातपाय तोडवले. नाटकांतून ती घरोघर पोचलेली आहे. आंध्र-तेलंगणात राहणार असाल तर हे नाव ऐकून कुणी हळहळलं तर गोंधळू नका.

देवगिरीकर

या नावाची ऐतिहासिक माणसं, कारण इथे घोटाळा फार होतो.

पहिला, वैद्य शार्ङ्गधर. शार्ङ्गधरसंहितेचा कर्ता, दामोदराचा मुलगा. संहितेचे तीन खंड: पूर्वखंडात ७ अध्याय, मध्यमखंडात १२, उत्तरखंडात १३, एकूण ३२. श्लोकसंख्या ग्रंथातच २६०० दिली आहे. माधवनिदान आणि भावप्रकाश यांच्यासह ही लघुत्रयी, म्हणजे आयुर्वेदातले धाकटे तीन ग्रंथ. नाडीपरीक्षा पूर्वखंडाच्या तिसऱ्या अध्यायात येते, आणि चरक-सुश्रुतांत ती या स्वरूपात नाही, म्हणून वैद्यमंडळींत या नावाला वजन. काढ्याचं सर्वपरिचित प्रमाणही इथलंच: एक पल (जुनं वजन) भरड औषधाला सोळापट पाणी, मातीच्या भांड्यात आटवून आठवा हिस्सा उरवायचा.

दुसरा, शार्ङ्गधरपद्धती या सुभाषितसंग्रहाचा कर्ता. काळ १३६३. याचे आजोबा राघवदेव, रणथंबोरच्या हम्मीराच्या पदरी. याच्याही वडिलांचं नाव दामोदर. त्यामुळे दोघे एकच की वेगळे हा वाद जुना आहे. फक्त वडिलांच्या नावावरून एक ठरवणं मला पटत नाही, दामोदर काही दुर्मीळ नाव नव्हे. या संग्रहात झाडांच्या लागवडीवर 'उपवनविनोद' हा भाग आहे, बागकामवाल्यांनी जरूर पाहावा.

तिसरा, शार्ङ्गदेव. हा शार्ङ्गधर नाही! संगीतरत्नाकराचा कर्ता, देवगिरीच्या यादव सिंघणाच्या (१२१० ते १२४७) दरबारी श्रीकरण, म्हणजे हिशेबखात्याचा अधिकारी. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल. महाराष्ट्राच्या मातीशी नातं सांगायचं तर या तिघांत याचंच खरं. पण मुलाचं नाव शार्ङ्गधर ठेवून 'संगीतरत्नाकरवाल्याचं नाव' असं सांगू नका.

मृगशीर्ष

आणि शाकुंतलातला शार्ङ्गरव चौथा. कण्वांचा शिष्य, दुष्यंताला भर दरबारात सुनावणारा. नाव म्हणून तोही वाईट नाही.

घनपाठी

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलेलं नाही. नाव कमी का?

माझं मत असं. महाराष्ट्रात विष्णूची जी नावं पिढ्यान्‌पिढ्या चालली त्यांतली बहुतेक संध्येच्या चोवीस नावांत आहेत. केशव, नारायण, माधव, गोविंद, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर, वासुदेव, अनिरुद्ध, पुरुषोत्तम, अच्युत, जनार्दन, उपेंद्र. रोज आचमन करताना तोंडात येणारी नावं पाळण्यातही गेली. शार्ङ्गधर या चोविसांत नाही. बारशाला जे मासनाम सांगतात त्या बारांतही नाही (कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश, पुंडरीकाक्ष). म्हणजे नाव सुचायची रोजची वाटच नाही. मेहकरसारखं दैवत जवळ असेल तिथेच ते सुचतं.

खाजणकाठ

मग अधोक्षज? चोविसांत आहे, पण त्या नावाचं माणूस शोधून दाखवा.

घनपाठी

मान्य. चोविसांत असणं पुरेसं नाही, उच्चारही सोपा लागतो. शार्ङ्गधर दोन्हीकडे नापास.

जाता जाता, पारस्कर गृह्यसूत्राची नावाची कसोटी लावून पाहू. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी, सुरुवात घोष वर्णाने (ग, द, ब यांसारख्या), मधे अंतस्थ (य र ल व), आणि कृदन्त (धातूपासून झालेलं) असावं, तद्धितान्त (नामापासून झालेलं) नसावं. शार्ङ्‌-ग-ध-र, चार अक्षरं, उत्तीर्ण. मधे र आहे. शार्ङ्ग तद्धित असलं तरी शेवट 'धर' या कृदन्ताचा, तेव्हा तेही निभावतं. पण पहिला वर्ण श, तो अघोष. तिथे गुण कापले. शंकर आणि श्रीधरही तिथेच अडकतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नये.

नावरस पाहणारे असाल तर अवकहडा चक्रात (नक्षत्राच्या चरणावरून नावाचं पहिलं अक्षर देणारा तक्ता) शततारकेचे चरण गो, सा, सी, सू. श आणि स एकच धरण्याची पद्धत आहे, म्हणून दुसरा चरण, रास कुंभ.

नोंदवही

'किती दुर्मीळ' याला आकडा मागाल तर मिळणार नाही. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विभाग दर वर्षी पाच किंवा अधिक बाळांना दिलेली सगळी नावं प्रसिद्ध करतो. आपल्याकडे जन्मनोंदीतल्या नावांची तशी यादी निघत नाही. अंदाज घ्यायचा असेल तर मतदार यादी. त्यात वय असतं, त्यामुळे नाव कोणत्या पिढीत आहे ते कळतं. अडचणी दोन. यादी मतदान केंद्राच्या भागांनुसार तुकड्यांत असते आणि पीडीएफ चित्ररूपात, त्यामुळे शोध चालत नाही, डोळ्यांनीच वाचावी लागते. आणि शार्ङ्गधर, शारंगधर, सारंगधर, शांरगधर ही सगळी रूपं धरली नाहीत तर निम्मी माणसं निसटतात. संकेतस्थळांवरच्या 'लोकप्रियता ७२ टक्के' छापाच्या आकड्यांना काहीही आधार नसतो.

आता चौथा प्रश्न, क्रमाने.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. नाव ठरलं नसेल तर नावाशिवाय होते. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा घाई नको. लेखन नक्की झाल्यावरच नाव द्या, कारण एकदा पडलेलं नाव बदलणं हे वेगळं आणि कटकटीचं प्रकरण आहे. लेखनातली चूक दुरुस्त होते, विचार बदलला म्हणून नाव बदलून मिळत नाही. त्याला राजपत्राची वाट.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळा, पासपोर्ट वगैरेंना जन्मतारखेचा पुरावा. म्हणजे पुढची सगळी कागदपत्रं या एका कागदाच्या मागे चालणार. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांचं नाव महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहितात.

दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. अर्जावर दोन्ही लिप्यांत नाव सुटं, ठळक, एकेक अक्षर वेगळं करून लिहा. मराठीवरून रोमन करायचं काम संगणकावर बसलेल्या माणसावर सोपवलंत तर ङ पाहून तो 'डी' टंकणार. सही करण्यापूर्वी मसुदा मागा आणि वाचा.

रोमन लेखनाबद्दल: एस-एच-ए-आर-ए-एन-जी-डी-एच-ए-आर, ११ अक्षरं. हेच घ्या. दुसऱ्या ए शिवायचं (आर-एन-जी) शास्त्राला धरून असेल, पण ते वाचताना आर आणि एन चिकटून एम दिसतात आणि नाव 'शामगधर' होतं. छोट्या छपाईत हे हमखास.

पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत पूर्ण नावाला ३९ जागा असतात, त्यांत आडनावानंतरच्या दोन खुणाही मोजल्या जातात. समजा आडनाव देशपांडे, ९. खुणा २. शारंगधर ११. खूण १. वडील चंद्रशेखर, १४. बेरीज ३७, बसलं. त्यात आईचं सुनीता (६ आणि खूण १) घातलं की ४४, म्हणजे त्या ओळीत शेपूट कापलं जाणार. विमानाचं तिकीट काढताना त्याच पानावर वर छापलेलं नाव आणि ही ओळ दोन्ही पाहा.

उंबरठा

रोमन शारंगधर, मराठी शार्ङ्गधर असं चालेल ना? आणि मराठीत ङ टाळून अनुस्वार देता येईल का? गङ्गा आपण गंगा लिहितोच.

रफार

पहिलं चालेल. रोमन लिपीत लोकांच्या उच्चाराजवळ राहणंच शहाणपणाचं.

दुसरं नाही, आणि का नाही ते पाहण्यासारखं आहे. गंगा मधे ग च्या 'अ' नंतर लगेच ङ् येतो, म्हणून अनुस्वार त्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. शार्ङ्ग मधे आ नंतर आधी र् आहे, मग ङ्. 'शांर्ग' लिहिलं की अनुस्वार र् च्या आधी जातो, उच्चार उलटा. 'शार्गं' लिहिलं की तो ग च्या नंतर जातो, ते शार्गम् झालं. र् ला स्वतःचा स्वर नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यावर द्यायला जागाच नाही. वाङ्मय, पराङ्मुख यांत मराठीने ङ ठेवला आहे, तसाच इथेही ठेवावा लागतो. अनुस्वारच हवा असेल तर र ला स्वर द्या आणि सरळ शारंगधर लिहा. मधलं काही नाही.

माझं मत: दाखल्यावर मराठीत शारंगधर, पत्रिकेवर आणि पाळण्यावर शार्ङ्गधर. सारंगधर नको, धनुष्य हरवतं.

पैनगंगा

दाखल्याबद्दल +१. मुलाला पहिलीत स्वतःचं नाव लिहायचं असतं हो!

घनपाठी

माझा विरोध नोंदवून ठेवा. शार्ङ्गधरच लिहा. हृषीकेश नावाची मुलं लिहितातच की.

पायमोड

हृषीकेशचं ऋषिकेश झालेलं आहे घनपाठी, म्हणून लिहितात.

शार्ङ्गधर टंकायचं असेल तर इनस्क्रिप्ट कळफलकावर क्रम असा: शिफ्ट-एम (श), ई (ा), जे (र), डी (पायमोड), शिफ्ट-यू (ङ), डी (पायमोड), आय (ग), शिफ्ट-ओ (ध), जे (र). दोन पायमोड, दोन्ही लागतात. दुसरा विसरला तर ङ पूर्ण उच्चारला जातो आणि 'शार्ङगधर' उमटतं. काही फॉन्टांत ङ च्या खाली ग असं उभं जोडाक्षर दिसेल, काहींत पायमोडका ङ् आणि शेजारी ग. दोन्ही एकच, आत साठवलेला मजकूर बदलत नाही.

खरी चूक दुसरी. ङ ऐवजी ड टंकून त्याला नुक्ता देतात, ड़. पडद्यावर घाईत सारखंच दिसतं, संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं: ङ चा युनिकोड क्रमांक ०९१९, ड चा ०९२१. मग एका कागदावरचं नाव दुसऱ्याशी जुळत नाही आणि शोधल्यावर सापडत नाही. मसुदा हातात आला की अक्षर मोठं करून टिंब कुठे आहे ते पाहा. ङ चं टिंब उजव्या बाजूला, मधोमध. नुक्ता असेल तर खाली.